शिंपल्यांचा तळ

माझं माहेर शिरूरकडचं, घोडनदीच्या काठचं, आन् दिलं मला भीमेवर, दौंड तालुक्यात. अल्याड आमचं गाव, पल्याड परत शिरूर तालुका, म्हंजी नदीच्या मधी हुबं राहिलं की एक पाय सासरी न् एक माहेरी, असं आमी बाया हसायचो. आमी भोई. मासं धरायचं ह्ये गड्यांचं काम आन् शिंपल्या काढायच्या ह्ये बायांचं. काय सांगू ताई तुम्हाला, आता शिंपल्या म्हनलं की लोक समुद्राचं नाव घेत्यात, पन आमच्या भीमेत मांडीभर पान्यात, वाळूत रुतून बसलेल्या शिंपल्या असायच्या, काळ्या, तळहाताएवढ्या, आन् गोगलगाई तर इतक्या की लुगड्याच्या काठाला चिकटून घरापतूर यायच्या. एक मोठा करकोचा यायचा, चोच मिटली तरी मधी फट राहायची त्याची, त्यो त्याच गोगलगाई खायाला यायचा.

सासूला मी आत्या म्हनायचे. आत्यानं मला शिकवलं. हातानं न्हाई काढायच्या, पायानं हुडकायच्या. पाय सरळ टाकायचा न्हाई, सरकवायचा, टाच वर आन् चवडा खाली, मंग शिंपलीची धार लागती, मंग बुडी मारायची. अंगठ्यापरीस बारकी निघाली की परत वाळूत खोचायची, फेकायची सुदिक न्हाई, खोचायची. आन् पावसाळ्यात एकपन न्हाई, तवा ती पोटुशी असती म्हनायची. आमी पानी प्यायचो ते तिथंच वाळूत झिरा उकरून. आत्या म्हनायची, पारू, जवर शिंपली जित्ती हाय तवर ह्ये पानी डोळं झाकून पी. कुठं डोह हाय, कुठं खडक हाय, कुठं वाळू किती खोल, समदं तिच्या पायाला ठावं. डोळ्यांनी अधू झाली व्हती, पन नदीत उतरली की कुनाचा हात न्हाई धरायची.

मंग रांजणगावला कंपन्या झाल्या, शिक्रापूरला खोल्यांवर खोल्या उठाया लागल्या, आन् त्येला वाळू लागती. पयल्यांदा घमेल्यानं काढायचे, मंग यंत्र आलं. माझा नवरा वाळूच्या ट्रकवर भराईला जायाचा. एक दिवस ठेकेदारच आमच्या दारात आला. मानूस गोड, खोटं कशाला बोलू. खाली बसला, पानी घेतलं, आन् म्हनला, वहिनी, नदीचा तळ तुम्हा बायांच्या पायाला जेवढा ठावा तेवढा कुनाला न्हाई, चांगली वाळू खोल कुठं हाय तेवढं दाखवा. आता बगा ताई, माझ्या जल्मात मला कुनी काय इचारलं नव्हतं. बापानं लगीन इचारलं न्हाई, नवऱ्यानं कवा बाजार इचारला न्हाई. आन् ह्यो एवढा मोठा मानूस मला वहिनी म्हनून इचारतोय. आत्या तवा वरवंडला लेकीकडं गेलेली, लेक बाळंतीन व्हती. ती असती तर मी दाखवलं नसतं. म्हंजी मला कळत व्हतं, तवाबी कळत व्हतं. मी पुढं चालले, पान्यात उतरले, आन् शिंपल्यांचा थर व्हता तिथं जाऊन हुबी राहिले. शिंपली बसती तिथंच वाळू सगळ्यात चोख असती. म्हनले, हितं. त्या दिवशी नवराबी मला म्हनला, तू लई हुशार हायेस. मला बरं वाटलं.

पंधरा-इस दिस यंत्र घरघरत व्हतं. मधी मी शिक्रापूरला चुलतबहिनीकडं गेले, तिचा मालक कंपनीत, भाड्याच्या खोलीत राहायची. शेजारी नवीन बिल्डिंग. तिथं एक बाई वाळू चाळत व्हती, परमुलखातली, आन् चाळनीवर उरलेला ढीग कडंला. मी बघितलं तर शिंपल्या. नखाएवढ्या, बोटाएवढ्या, काही अजून मिटलेल्या, वास सुटलेला, गोगलगाई चुरा झालेल्या. मी तिथंच बसले. ती बाई म्हनली, क्या देख रही हो मौसी, ये तो कचरा है. तिचं काय चुकलं. आमची भीमेची शिंपली, आमी वाळूत परत खोचलेली, ती हितं रस्त्याकडंला कुजत व्हती.

घरी येऊन नवऱ्याला म्हनले, बंद करा ते. त्यो म्हनला, मी बंद करून बंद व्हनार हाय व्हय?

दुसऱ्या आठवड्याला आत्या वरवंडहून आली. आल्या दिवशीच टोपली काखंला. मी म्हनले, आत्या, आज नगं, ऊन लई हाय. म्हनली, नातवाला बघून आले, आज कालवण खायाचं हाय. मला तवा तोंड उघडाया पायजेल व्हतं, की आत्या, तिथं आता तळ न्हाई, खड्डा हाय. पन ते सांगितलं की पुढचंबी सांगावं लागनार, खड्डा कुनी दाखवला ते. मी नुसती मागं मागं गेले. ती रोजच्यासारखा पाय सरकवत चालली, आन् एका पावलात दिसंनाशी झाली. नुसता हात वर. मी उडी टाकली, केसाला धरून वढून काढली. काठाला पानी वकली.

मंग म्हनली, पारू, माझ्या पायाची वळख गेली गं. म्हातारी झाले मी.

आन् मी गप बसले.

त्या दिसापासनं ती नदीत उतरली न्हाई. दारात बसून राहायची, कुनी इचारलं की सांगायची, पाय इसरले माझे. सात-आठ वरीस जगली तशी. मी तिला न्हाऊ घातलं, भरवलं, शेवटाला समदं केलं, पन ते एक वाक्य काय माझ्या तोंडातनं निघालं न्हाई. कैकदा जिभंवर आलं. तिला कळलं असंल का? ठाव न्हाई. तिनं इचारलं न्हाई.

आता नदीला वाळूच न्हाई, नुसता काळा गाळ, वरनं पुन्याचं पानी आन् जलपर्णी. करकोचा येत न्हाई. आमी नळाचं पानी पितो, आन् माझी सून रांजणगावला कंपनीच्या बसनं जाती, सुखात हाय, तिच्या लेकरांचं भलं व्हवो. ती म्हनती, आई, कशाला उकरून काढता? व्हय, खरं हाय. पन तुम्ही आला म्हनून बोलले. एवढं नीट लिवा ताई, पाय बरोबर व्हते तिचे. तळ गेला व्हता.