पावाखालून फिरलेली कादंबरी

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष हाज्ज तय्यिबी, नगरपालिकेकडून आलेल्या ताई, हारांखाली घामाघूम झालेले आमचे सत्कारमूर्ती, भट्टीचे उस्ताद मुअल्लिम बूशता, आणि खुर्च्या मिळालेल्या व न मिळालेल्या माझ्या आयाबहिणींनो, तुम्हां सर्वांना हाद्दा आजीचा सलाम.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघू नये, चहाला अजून उकळी यायचीय.

आधीच्या वक्त्यांनी बूशताच्या हातच्या पावाचं कौतुक केलं. रास्तच आहे. रोज सकाळी घरोघरच्या मळलेल्या गोळ्यांची फळी त्याच्या भट्टीवर जायची आणि भाजून परत यायची. कोणाच्या पावावर काट्याचे टोचे, कोणाचा बोटाचा खळगा, माझ्यावर किल्लीचा ठसा. कधी माझा पाव दुसऱ्याच्या घरी गेला नाही. एकदाच करपला, तोही ईदच्या दिवशी. पण आज सत्कार आहे, म्हणून ते मी काढत नाही.

मी बोलणार आहे ते पावाखालून फिरलेल्या कादंबरीबद्दल.

ती आणली आमच्या शिंपीणबाई सफियाने, जुन्या बाजारातल्या ढिगातून. वरचा पुठ्ठा गेलेला, त्यामुळे नाव कोणालाच ठाऊक नाही. वाचून झाली तशी तिने ती फळीवर, पावाच्या फडक्याखाली ठेवली आणि बूशताला म्हणाली, "रिकामी बाई दिसेल तिच्या फळीवर ठेव."

"मग ती माझ्याकडेच राहील," बूशता म्हणाला.

तरी ती गल्लीभर फिरली. एका पानात सफियाचा लाल दोरा, एकावर कोणाचं तरी पिठाचं बोट. एका पानावर ओला डाग आहे. तो कांद्याचा की डोळ्यांचा, ते मी विचारलं नाही. मी म्हातारपणी मशिदीतल्या वर्गात अक्षरं शिकलेली. एक पान वाचेपर्यंत माझे हरभरे शिजतात, म्हणून शेवटापर्यंत मी कधी पोचलेच नाही. पण ते पुस्तक घरी यायचं तेव्हा गरम असायचं हो! दुकानातली पुस्तकं मी हातात घेऊन पाहिली आहेत. थंडगार असतात.

आता मुद्द्याचं. या हिवाळ्यात बूशताने ते पुस्तक भट्टीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि विसरला. डिंक वितळला, पुस्तकाचे दोन तुकडे झाले. पहिला आला माझ्या फळीवर. दुसरा गेला कुठे? माझ्या शेजारणीकडे, यामनाकडे!

यामना आणि मी नऊ वर्षं बोलत नाही, हे सभागृहाला माहीत आहे. ताईंना माहीत नसेल, म्हणून सांगते. तिने ईदच्या बकऱ्याचं ओलं कातडं गच्चीच्या भिंतीवर टाकलं आणि ते माझ्या वाळत घातलेल्या कुसकुसच्या कण्यांवर ठिबकलं. ती म्हणते, पाऊस होता. भर उन्हात!

तर माझ्या तुकड्यात वहीबा नावाची बाई बंदरावर नवऱ्याची वाट बघते. पाचशे दुःखं सोसते. शेवटच्या ओळीला दारावर थाप पडते, ती कडी काढते, आणि पान संपतं. दारात कोण? यामनाला ठाऊक. पण तिला हे ठाऊक नाही की वहीबा रडते कशाला. गच्चीवर ती मोठ्याने वाचायची, आणि माझी चाहूल लागली की गप्प.

मी बूशताला म्हटलं, "तिचा तुकडा आण." त्याने येऊन सांगितलं, "ती म्हणते, आधी तुझा पाठव." मी म्हटलं, "माझं कुसकुस आधी भिजलं." झालं! सारा हिवाळा असाच गेला, आणि मागे चार घरं वाट बघत बसली.

अरे बूशता, पाव कधी चुकला नाहीस, मग पुस्तकच कसं चुकलास? हसू नकोस, हार पडेल.

शुक्रवारी हा लेकीकडे तंजाला चालला. भट्टीला कुलूप. यापुढे निरोप न्यायला कोणी नाही. म्हणून ही फळी मी इथे आणली आहे. फडक्याखाली पाव नाही, माझा तुकडा आहे. बूशता, उठ. ही तुझी शेवटची फळी. तिसऱ्या रांगेत, हिरव्या रुमालातली बाई. पत्ता तुला सांगायला नको.

...घेतलास ना गं? आता सांग, दारात कोण होतं?

काय? मोठ्याने बोल, सभागृहाला ऐकू येत नाहीये.

ती म्हणते, "घरी ये, वाचून दाखवते. कुसकुस आणू नकोस, गच्ची ओली आहे."

ऐकलंत? नऊ वर्षांनी तोंड उघडलं ते हे!

बूशता, अल्लाह तुझे हात उबदार ठेवो. आयोजकांचे, अध्यक्षांचे आणि तासभर उकळलेल्या चहाचे आभार. म्हातारीची जीभ कोणाला लागली असेल तर पोटात घाला. पण यामनाच्या घरी पोचेपर्यंत शेवट कोणी फोडला, तर मी मात्र पोटात घालणार नाही.