त्रयस्थ व्यक्तीचा कागद

नाही, ते ‘नम्र विनंती’ काढून टाका. नम्र विनंती मागच्या अर्जात केली होती, दोनदा केली होती, वर एकदा आणि खाली एकदा, आणि तिचं काय झालं ते तुमच्यासमोर पडलंय. आता अपील आहे. अपिलात कोण नम्र असतं? भांडल्यासारखं लिहा, टायपिस्टबाई — हो, वाचता येतं मला, म्हणून तर तुमच्या बाजूला स्टूल ओढून बसलेय. चौथीपर्यंत शिकलेय. चौथीला काय कमी समजू नका, धुलाईघराच्या कायम जागेला चौथीच पाहिजे होती, जाहिरातीत तसं छापलं होतं, चौथी पास आणि कामाचा अनुभव. चौथी पास मी आहेच, आणि अनुभव — अकरा वर्षं! सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला ते धुलाईघर आहे, पेशंटचे नातेवाईक तिकडे फिरकत नाहीत, वास सोसत नाही त्यांना. रक्ताची चादर गार पाण्यात आधी, मलमाची थेट गरम सोड्याच्या पाण्यात, हे डॉक्टरला विचारा, नाही सांगता यायचं. मला झोपेतून उठवून विचारा.

आणि अकरा वर्षांत एक कायम जागा निघाली. एक! ती कुणाला मिळाली? माझ्या जावेला. धाकट्या जावेला, तीन वर्षं नाही झाली तिला तिथे. तिला तिथे आणली कुणी? — मीच आणली. दीर गेला, ही कोपऱ्यात तोंड घालून बसलेली, नवरा म्हणाला, तिला काहीतरी बघ कामाचं. मी बघितलं. मुकादमाच्या हातापाया पडून बघितलं. नुसतं काम नाही दिलं, हात धरून शिकवलं. आता सांगा, माहितीच्या अधिकारात निवडीचे कागद मागितले तर काय चुकलं माझं? कुणाला किती मार्क दिले, कुणाचा अर्ज कसा होता, एवढंच विचारलं. सरकारी कागद आहेत, कुणाच्या घरातल्या पेटीतले नाहीत.

तर उत्तर काय आलं? वाचा — राहू द्या, पाठ झालंय माझं. ‘सदर माहिती त्रयस्थ व्यक्तीच्या खाजगी स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ त्रयस्थ! माझी जाऊ त्रयस्थ! एका भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे ती, तिचा कुकर शिट्टी मारतो तर माझ्या चुलीपुढे मला ऐकू येतं, तिला खोकला झाला तर जाग मला येते. आणि कामावर तर काय विचारूच नका. चादरीची घडी एकटीला घालता येत नाही, बाई. दोन कोपरे तिच्या हातात, दोन माझ्या, एक झटका द्यायचा, ताणायची, आणि मग समोरासमोर चालत यायचं, तिचे कोपरे माझ्या हातात आले की ती खाली वाकून मधली दुमड उचलते. दिवसाला तीनशे चादरी. तीनशे वेळा तिचं तोंड माझ्या तोंडासमोर येतं, इतकं जवळ, की सकाळी दात घासले की नाही तेही कळतं. नवऱ्याचं तोंड एवढ्या वेळा नाही बघितलं मी. आणि हे म्हणतात त्रयस्थ. हे लिहा. चादरीचं लिहा. — नाही लिहिता येत? मग काय लिहिता येतं तुम्हाला?

मुद्द्याचं! मुद्द्याचंच बोलतेय. काय पाहिजे ते नीट सांगू? मार्कांची यादी. आणि तिचा अर्ज. — तिचा अर्ज कशाला म्हणजे? बघायचाय. मार्क दिले तर कशावर दिले ते बघायला नको? बरं, खरं सांगते, मार्क नाही दिलेत तरी चालतील. मार्क गेले उडत. अर्जाची प्रत द्या म्हणावं, पहिलं पान द्या, अर्धं पान द्या, दोन ओळी दिल्यात तरी ओळखीन मी.

काय ओळखीन? अक्षर. माझा नवरा पेंटर आहे. भिंती रंगवणारा नव्हे, बोर्ड रंगवणारा — दुकानांचे, दवाखान्यांचे, ‘येथे गाडी लावू नये’चे. आता तुम्ही-मी लिहितो ते कसं? आधी अक्षर, मग डोक्यावर रेघ. तो उलटं करतो. आधी सगळी रेघ मारून घेतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग खाली एकेक अक्षर टांगत जातो, दोरीवर कपडे टांगावेत तसं. बोर्डावर जागा मोजावी लागते ना, ती सवय. वहीतही तसंच, साध्या चिठ्ठीतही तसंच. दोन शब्दांमध्येही रेघ तुटत नाही त्याची. सगळ्या गावात असं लिहिणारा दुसरा माणूस नाही. लग्न झालं त्या वर्षी माझ्या जेवणाच्या डब्यावर माझं नाव घातलं होतं त्यानं, तांबड्या रंगात, पांढरी सावली देऊन. घासून घासून गेलं ते. पुन्हा घाल म्हटलं तर म्हणतो, तुझा डबा आता सगळे ओळखतात. आणि मागच्या वर्षी धाकटीच्या डब्यावर बघते तर — निळ्या रंगात नाव. आणि नावाच्या शेवटी एक फूल! माझ्या नावाला फूल नव्हतं हो. बोलून काय सांगू, फूल का काढलंस म्हणून? लोक हसतील.

नाही, तसलं काही नाही. तसलं असतं तर मी तुमच्याकडे आले असते का? झाडू घेऊन गेले असते. ती संध्याकाळी पायरीवर बसते, हा पेपर वाचून दाखवतो — दहावी शिकलेली बाई, तिला वाचता येत नाही का? — पण तिला म्हणे याचं वाचलेलं ऐकायला बरं वाटतं. ‘भाऊजी, ते पुन्हा वाचा ना.’ आणि हा पुन्हा वाचतो! मी एकदा म्हटलं, पुन्हा सांग, तर म्हणाला, बहिरी झालीस का.

माझा अर्ज मीच लिहिला. त्याला म्हटलं होतं, तू लिही, तुझं अक्षर बघून साहेब आधी तोच कागद उचलतील. तर म्हणाला, हात भरून आलाय, औषधाच्या दुकानाचा मोठा बोर्ड आहे, तू लिही, तुला येतं की. आलं. तीन कागद वाया गेले, चौथा बरा आला. सोमवारी माझी सुट्टी, मी जाऊन देऊन आले आणि शिक्का मारलेली पोच घेऊन आले. — तिचा? तिचा अर्ज तिनं मला — म्हणजे तिनं तो कधी दिला मला काय माहीत. कुठे दिला, कुणी दिला. मी माझं बघितलं. तुम्ही उगाच मध्ये विचारू नका हो, माझी लाइन चुकते. — दिला होता. आदल्या दिवशी मला दिला होता, ‘ताई, तुम्ही जाताच आहात, माझाही टाका.’ गोल गोल अक्षरात तिनंच लिहिलेला. आणि तो भिजला. पिशवी टबाच्या काठावर होती. घसरला. गरम सोड्यात कागद किती वेळ टिकतो माहीत आहे? दहा मोजेपर्यंत. शाई आधी जाते, मग कागदाची लापशी होते. — मोजले म्हणजे, सहज मोजले.

तिनं पोच मागितली. म्हटलं, तुझी नंतर देतो म्हणाले. संपलं. आणि महिनाभरानं यादी लागते तर तिचं नाव पहिलं! आता तुम्हीच सांगा, सोड्यात गेलेला अर्ज साहेबांच्या टेबलावर कसा उगवला? पोच मिळेना म्हणून तिनं कचेरीत विचारलं असणार, आणि दुसरा गेला. कुणीतरी शेवटच्या दिवशी दुसरा लिहून दिला. आणि अर्ज द्यायचा शेवटचा दिवस होता, त्या संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा त्याच्या कानावर ब्रश नव्हता, पेन होतं. नऊ महिने ते पेन माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्यानं लिहिला असेल तर त्याला माहीत आहे, पहिला कुठे गेला. नऊ महिने माहीत आहे आणि बोलत नाही, जेवतो, झोपतो, मीठ कमी आहे म्हणतो. म्हणून पाहिजे मला तो कागद. रेघ बघायचीय. नोकरी गेली खड्ड्यात.

तीस दिवसांत अपील करायचं, आज एकोणतिसावा. — इतके दिवस काय केलं? विचार केला. अहो, ते मागचं पान नका उलटू, ते तुमच्या कामाचं नाही. ठेवा म्हटलं ना! — वाचलंत? बरं, वाचलंत तर वाचलंत. कारकुनाची कमाल बघा, धाकटीची माहिती खाजगी म्हणून नाकारली, आणि तिनं हरकत घेतलेलं पत्र त्याच नकाराच्या मागे चुकून टाचून मला पोस्टानं पाठवलं. लपवायचं तेच घरपोच. बघा, रेघ बघा. कुठे तुटलीय का? खाली सही तेवढी तिची. एकोणतीस दिवस झाले, मला कळलंय. आता तुम्हाला कळलं.

‘अर्जासोबत जोडलेल्या खुलाशात माझ्या घरातील एका व्यक्तीच्या हातून घडलेल्या गोष्टीचा उल्लेख आहे. ती व्यक्ती माझ्याहून मोठी आहे. कागद बाहेर गेल्यास तिच्या रोजंदारीवर गदा येईल. तरी देऊ नयेत.’ किती छान लिहिलंय ना? एकही खाडाखोड नाही. माझ्यासाठी लिहिलंय आणि तिच्या नावानं लिहिलंय. दोघं शेजारी बसले असतील, तो म्हणाला असेल, ‘मोठी आहे’ असं घालू का, ती म्हणाली असेल, घाला भाऊजी. मला वाचवायला बसले! मला कुणी विचारलं? तीनशे वेळा रोज ती माझ्या समोर येते, कोपरे माझ्या हातात देते आणि वाकते, सगळं माहीत असून वाकते. एकदा तरी चादर सोडून द्यायची होती हातातून! आणि त्यानं — भांडला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर त्या माझ्या असत्या. तो रागही तिच्याच कागदात घातला, आवरून, शाई लावून.

काय म्हणालात? पुन्हा सांगा. — ती व्यक्ती मीच असेन तर? तर माहिती माझीच, त्रयस्थाची नाही. मग नाकारता येत नाही? अवघड जाईल त्यांना. पण तसं लिहावं लागेल. की ती व्यक्ती मी. अपिलात. सहीनिशी.

हं.

आणि या अपिलाची प्रत तिला पाठवतील? नियमच आहे? तिला गेली म्हणजे ती पायरीवर घेऊन जाणार. ‘भाऊजी, हे काय आलंय बघा.’ आणि तो मोठ्यानं वाचणार. रोजंदारी जाते तर जाऊ दे.

यंत्र बंद करा. नाही, नको टाइप, टाइप केलेलं कुणीही लिहिलेलं असतं. एक कोरा कागद द्या. आणि ते पेन. रेघांचा नसला तरी चालेल, माझं वाकडंच येतं. ‘गरम’ नीट लिहायचं ना, की नुसतं सोड्यात? नाही, तुम्ही सांगू नका. तिकडे तोंड करा. मी लिहितेय, इकडे बघू नका.