तात्पुरता आरोपी

हवालदार : या, या. आज उशीर केलात. मी म्हटलं, आमचे आरोपी गेले कुठे?

ड्रायव्हर : चौकात पुढे ट्रक बंद पडला होता. नाहीतर वेळेवर अटक झाली असती.

हवालदार : बस कुठे लावलीत?

ड्रायव्हर : तुमच्या पोलीस स्टेशनच्या दारात, प्रवाशांसकट. कंडक्टर त्यांना समजावतोय, की आमचा ड्रायव्हर चोर नाही, नुसता तसा दिसतो.

हवालदार : आज पण खांबावरच्या कॅमेऱ्यानंच ओळखलं?

ड्रायव्हर : आणि किती लांबून. सख्खी बहीण ओळखणार नाही इतक्या लांबून. भोंगा वाजला, आणि तुमचा शिपाई येऊन चाकापुढे उभा. आता तर तोही लाजतो. म्हणतो, दादा, तुम्ही कोण ते मला माहितीये, पण मशीनला कोण सांगणार.

हवालदार : मशीनला विसरणं माहीत नाही हो. आम्ही पायी फिरून चोर धरायचो, कॉलरला हात घालून. वर्षभरानं चेहराही विसरायचो. माणसाला सुधारायला वाव होता. आता मी खुर्चीतून हलत नाही. चोर आपसूक येतात, स्वतःच्या गाडीनं.

ड्रायव्हर : गंमत पुरे, हवालदारसाहेब. डेपो मॅनेजरचा आत्ताच फोन आला होता. यापुढे एकदा जरी बस चौकात अडली, तरी माझी चावी जमा. मी डेपोत गाड्या धुवायच्या आणि माझ्या बसवर माझा मेहुणा.

हवालदार : मेहुणा? मग नोकरी घरातच राहिली की.

ड्रायव्हर : तुम्हाला मेहुणा नाही वाटतं.

हवालदार : आहे. म्हणून तर घरी उशिरा जातो. मॅडम, बघा हो जरा यांचं. हा गृहस्थ कोणासारखा दिसतो ते एकदाचं शोधा.

ऑपरेटर : मघापासून तेच शोधतेय, काका. सापडली केस. सायकलचोरी. हिरवी सायकल, पुढे टोपली, घंटी नाही.

ड्रायव्हर : घंटी आहे. वाजत नाही. माझ्या मुलीची सायकल ती. चोरीची तक्रार मीच दिली होती, याच टेबलावर.

ऑपरेटर : हो, फिर्यादी तुम्हीच. नाव, पत्ता, फोटो, सगळं बरोबर आहे. आता आरोपी... थांबा हं. आरोपीपण तुम्हीच.

ड्रायव्हर : काय?

ऑपरेटर : आरोपीच्या चौकटीत तुमचाच फोटो आहे. तोच शर्ट, तेच हसू.

ड्रायव्हर : तिथे कसा गेला?

ऑपरेटर : काका?

हवालदार : माझ्याकडे काय बघता? तुम्ही रजेवर होतात, केस मला भरावी लागली. आरोपीची चौकट रिकामी ठेवली की मशीन पुढे सरकेना. लाल अक्षरात एकच धोशा, फोटो जोडा, फोटो जोडा. आता चोर काही जाताना फोटो ठेवून जात नाही. समोर यांचा होता. चांगला आला होता. लावला. तात्पुरता.

ड्रायव्हर : तात्पुरता.

हवालदार : चोर सापडला की बदलणारच होतो. तो सापडेना. सापडणार कसा, मशीन तर तुम्हाला शोधतंय.

ड्रायव्हर : म्हणजे माझ्या तक्रारीवरून तुम्ही इतके दिवस मलाच पकडताय.

हवालदार : पण पकडतोय की नाही? लोक म्हणतात पोलीस काही करत नाहीत. तुमची प्रत्येक फेरी म्हणजे आमच्याकडे एक आरोपी ताब्यात. तुम्ही फेऱ्या मारताय, आमचा आलेख चढतोय. शहरात पहिले आलो आम्ही. आज मुख्यालयात फिरती ढाल मिळणार आहे. साहेब रजेवर, म्हणून घ्यायला मी जातोय. हा इस्त्रीचा गणवेश उगाच नाही घातला.

ड्रायव्हर : अभिनंदन. भाषणात माझा उल्लेख करा.

हवालदार : केला असता. पण तपासाची गुप्तता पाळावी लागते.

ड्रायव्हर : मग गुप्ततेतलं आणखी एक ऐका. परवा शिपाई माझे खिसे तपासत होता, भोवती ही गर्दी. त्या गर्दीत माझी सायकल.

हवालदार : चोरीला गेलेली?

ड्रायव्हर : तीच. तिच्यावर एक इसम आरामात रेलून मजा बघत होता. कोणी पकडलं जाताना त्याला फार आवडतं वाटतं बघायला, आदल्या दिवशीही होता तो. मी शिपायाला म्हटलं, अरे, चोर तो बघ. शिपायानं खांबाकडे पाहिलं. म्हणाला, दादा, त्याच्याबद्दल मशीन काही बोलत नाही.

हवालदार : नियमानं बोलला बिचारा.

ड्रायव्हर : जाताना त्या इसमानं मला हात हलवून निरोप दिला. टोपलीत भाजी होती. ताजी.

ऑपरेटर : हे बघा, तुमचा फोटो काढता येईल. पण असाच पुसता येत नाही. एक तर कोर्टातून निर्दोष सुटायचं, नाहीतर गुन्हा कबूल करायचा.

ड्रायव्हर : निर्दोष सुटतो.

हवालदार : सुटाल ना. निकाल तुमची नात वाचून दाखवेल तुम्हाला.

ड्रायव्हर : माझी मुलगी अजून शाळेत आहे.

हवालदार : म्हणूनच म्हणतोय.

ड्रायव्हर : मग कबूल करतो. चोरली सायकल. माझीच चोरली.

ऑपरेटर : कबूल केलंत की शिक्षेची नोंद होणार. नोंद झालेल्या माणसाला डेपो बस देतो?

ड्रायव्हर : नाही. त्याच्या मेहुण्याला देतो.

ऑपरेटर : अजून एक आहे. नवीनच सुरू झालंय. समेट कक्ष. किरकोळ गुन्ह्यात फिर्यादी आणि आरोपी समोरासमोर बसतात. आरोपीनं माफी मागायची, फिर्यादीनं माफ करायचं, की आरोपीचं नाव निघतं.

हवालदार : ती पलीकडची खोली. मंत्री येऊन फीत कापून गेले, तेव्हापासून आत चिटपाखरू नाही. दोन्ही पार्ट्या एका दिवशी हजर होतील तर शपथ.

ड्रायव्हर : माझ्या दोन्ही पार्ट्या हजर आहेत.

(तिघे पलीकडच्या खोलीत येतात. दोन खुर्च्या, मध्ये टेबल. बाहेरून प्रवाशांच्या हाका ऐकू येतात.)

हवालदार : आधी फिर्यादी. तुम्ही त्या गादीच्या खुर्चीत बसा. आरोपीची लाकडी.

ऑपरेटर : कॅमेरा चालू केलाय, सगळं रेकॉर्ड होतंय. फिर्यादी, मनात जे असेल ते आरोपीला मोकळेपणानं सांगा.

ड्रायव्हर : समोर कोणी नाही.

हवालदार : तुमची टोपी ठेवा त्या खुर्चीत. हां. आता बोला तिच्याशी.

ड्रायव्हर : बाबा रे... ती सायकल माझ्या मुलीची होती. आता ती शाळेत चालत जाते. संध्याकाळी पाय दाबत बसते आणि मला विचारते, बाबा, तुम्ही रोज पकडले जाता, तर मग सायकल का नाही सापडत? 

हवालदार : पाणी घ्या.

ऑपरेटर : आता आरोपी. समोरच्या खुर्चीत या.

ड्रायव्हर : टोपी उचलू?

हवालदार : उचला. एका खुर्चीत दोघं नकोत.

ड्रायव्हर : माझं चुकलं.

ऑपरेटर : काय चुकलं ते स्पष्ट सांगा.

ड्रायव्हर : तक्रार दिली.

हवालदार : मॅडम, एवढं कापा हो.

ऑपरेटर : कापता येत नाही, काका. आता फिर्यादी, तुम्ही यांना माफ करताय का?

ड्रायव्हर : परत तिकडे जाऊ? ...जरा विचार करू द्या.

हवालदार : आता विचार कसला?

ड्रायव्हर : या खुर्चीत बसलं ना, की समोरच्याला माफ करावंसं वाटत नाही.

हवालदार : खरंय. गादीचा दोष असणार. पण बाहेर प्रवासी आता तुमची बस स्वतःच चालवतील असं दिसतंय.

ड्रायव्हर : केलं माफ.

ऑपरेटर : छान. समेट झाला. फक्त एक अट आपोआप लागलीये, आरोपीनं फिर्यादीच्या घराकडे फिरकायचं नाही.

ड्रायव्हर : मग मी झोपू कुठे?

ऑपरेटर : थांबा, ती खूण काढते. निघाली. आणि हा तुमचा फोटोही गेला. आता चौकातून खुशाल जा.

ड्रायव्हर : भोंगा वाजणार नाही?

ऑपरेटर : तुमच्यासाठी तरी नाही. अरे देवा. काका, लाल अक्षरं आली.

हवालदार : आता काय म्हणतंय?

ऑपरेटर : समेट झाला, पण सायकल अजून मिळालेली नाही. केस चालूच आहे आणि आरोपीची चौकट रिकामी. सेव्ह होत नाही. तसंच सोडलं तर यांचा फोटो परत येईल.

ड्रायव्हर : परत येईल म्हणजे? बाहेर बस उभी आहे, बाई.

हवालदार : घाबरता कशाला? मॅडम, लावा कोणाचा तरी. असा माणूस बघा जो त्या चौकात कधी जातच नाही. दिवसभर एका जागी बसून असतो असा कोणी.

ऑपरेटर : तसाच लावलाय. झालं सेव्ह.

हवालदार : शाबास. तुमची पिढी हुशार. कोणाचा लावलात?

ऑपरेटर : तुम्हीच सांगता ना, खुर्चीतून हलत नाही म्हणून. फाइलमध्ये तुमचा गणवेशातला होता. चांगला आलाय. तात्पुरता आहे, काका.

हवालदार : मॅडम, मला आज ढाल घ्यायला जायचंय. मुख्यालय चौकाच्या पलीकडे आहे.

ऑपरेटर : मग पुन्हा समेट करावा लागेल. फिर्यादी थांबत असतील तर.

ड्रायव्हर : फिर्यादी निघाले. त्यांचे प्रवासी ताटकळलेत.

हवालदार : अहो थांबा, ड्रायव्हरसाहेब. तुमची बस मुख्यालयावरूनच जाते ना? मी मागच्या सीटवर गुपचूप बसतो. मान खाली घालून.

ड्रायव्हर : आणि कॅमेऱ्यानं ओळखलं तर बस कोणाची अडेल? मेहुणा डेपोत शर्ट बदलून तयार आहे.

हवालदार : मग मी जायचं कसं?

ड्रायव्हर : चौकाच्या अलीकडे उतरवतो तुम्हाला. तिथून पायी जा. पूर्वी जायचात तसे.

हवालदार : आणि भोंगा वाजला म्हणजे? गणवेशातल्या माणसाला भर चौकात धरणार? सगळं शहर गोळा होईल.

ड्रायव्हर : होऊ द्या. तो इसमही येईल, कोणी पकडलं जाताना त्याला बघायला आवडतं. तेवढ्यात कॉलरला हात घाला, सवय आहे तुम्हाला. हिरवी सायकल, पुढे टोपली. आणि हवालदारसाहेब, घंटी आहे तिला. फक्त वाजत नाही.