खांदे सैल सोडताना

बागेबाहेरच्या थांब्यावर रुइफांग बसची वाट पाहत होती. तिच्या मागे ताई-ची शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मो बाई आपल्या नव्या शिष्याला, साठीच्या गुओंना, दटावत होत्या.

“महिना झाला गुओ, खांदे अजून कानाशीच! सैल सोडा की.”

“सुटतच नाहीत, बाई. चार वर्षं बायकोला उचलून जिना चढलो-उतरलो.”

“आता तर ती नाही.”

“नाही. पण खांदे सोडले, की ती हातातून पडेल असं वाटतं.”



“मग उद्या तिला हळूच खाली ठेवा. घाई नको. मी शेजारी उभी राहते.”

“आणि रडू आलं तर?”

“रडा की.”

रुइफांगची बस आली आणि तशीच निघून गेली; ती ऐकतच राहिली.

“उद्या जरा लवकर येऊ का, बाई?” गुओंनी विचारलं.