तीन ते सहाचा खेळ

रुपरावजी : मले तर पयले वाटलं, रेडिओचे सेल उतरले. म्हटलं, मुकुंदरावचा आवाज बाईमाणसासारखा काहून येऊन राहिला?

मुकुंद : सेल नवे आहेत, रुपरावजी. आजच टाकले.

रुपरावजी : मंग ध्यानात आलं, हे तर आपली शेजारची सूनबाई. नाव बी सांगितलं त्यानं. गोपिका राजूरकर, सुयोग ले-आउट. पोस्टमनले आपलं ले-आउट सापडत नाही, अन् रेडिओले सापडलं गा.

मुकुंद : माझं मत पुढच्या रविवारी लावतील. पिक्चरवरच्या अशा कार्यक्रमाचे दोन भाग असतात.

रुपरावजी : तो तर म्हणे, प्रेक्षकांची मतं इथं संपली.

मुकुंद : या भागापुरती.

गोपिका : रुपरावजी, अजून एक सांबारवडी घ्या. पुष्कळ उरल्या.

रुपरावजी : उरतीलच ना. लोकं असे भराभर उठले काहून? मी चहा बी संपवला नव्हता.

मुकुंद : लोकांना घरी जाऊन हसायचं होतं.

गोपिका : कोणी हसलं नाही.

मुकुंद : शेजारच्या यमुताई तोंडाला पदर लावून गेल्या. मी काय आंधळा आहे?

रुपरावजी : यमुताई रडत होती, मुकुंदराव.

मुकुंद : रडण्यासारखं काय होतं त्यात?

रुपरावजी : थे दिव्याचं. पिक्चरमधली बाई संध्याकाळ झाली का साऱ्या खोल्यांतले दिवे लावते. एकटीच असते, पण रस्त्यावरून वाटलं पायजे का घर भरलं आहे. सूनबाई म्हणे, मी बी लावते. अन् आमचे हे सायकल टेकवली का एकेक बंद करत येतात. बाहेरचा, बैठकीतला, मधल्या खोलीतला...

मुकुंद : आणि स्वयंपाकघरातल्या शेवटच्या दिव्याखाली मी सापडते. मला पाठ झालं आहे, रुपरावजी. मीही इथंच होतो. सगळ्यांच्या मधोमध बसलो होतो.

रुपरावजी : हो ना. घरोघर फिरून तुम्हीच तर बोलावलं होतं सगळ्याइले. ऐका म्हणे, माझं मत येणार आहे.

गोपिका : चहा गरम करू का पुन्हा?

रुपरावजी : नाही वं, बस झाला. मुकुंदराव, आता आलोच आहो, तर तुमचं मत ऐकूनच जातो. काय बोलले होते?

मुकुंद : राहू द्या आता.

गोपिका : सांगा ना. रुपरावजींची सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली, त्यांना कळेल.

मुकुंद : मी म्हटलं, चित्रपटाचा विषय गंभीर आहे, परंतु दिग्दर्शकाने बांधकामाचा अभ्यास केलेला नाही. स्लॅब टाकतात, आणि पुढच्याच दृश्यात खालच्या फळ्या, टेकू, सगळं सेंट्रिंग गायब. विटा भिजवलेल्या नाहीत. गावाबाहेरच्या ले-आउटमध्ये आधी विहीर खोदतात, मग पाया घालतात, इथं विहीरच नाही. नायक कारकुनी सांभाळून घर बांधतो आणि त्याच्या चपलेला सिमेंटचा डाग नाही. असं घर मी स्वतः बांधलेलं असल्यामुळे सांगतो, वगैरे.

रुपरावजी : सेंट्रिंगचं बरोबर आहे.

मुकुंद : आहे ना?

रुपरावजी : एकदम बरोबर. पण पिक्चर काय स्लॅबचा होता?

मुकुंद : घराचा होता.

रुपरावजी : हं.

मुकुंद : थिएटरबाहेर माझ्यापुढे माईक धरला तेव्हा त्या रेडिओवाल्याने एकदाही मला थांबवलं नाही. सारखी मान हलवत होता.

रुपरावजी : तिथंच तर गडबड झाली गा. आमचा साहेब असाच मान हलवे. ज्या अर्जाले त्यानं मान हलवली, तो अर्ज मेला म्हणून समजा.

मुकुंद : म्हणजे माझं कापलं, असं तुमचं म्हणणं.

रुपरावजी : मी कायले म्हणू. निंगतो आता. घरी जाऊन भात टाकायचा आहे.

गोपिका : काकू अजून आल्या नाहीत पारशिवनीहून?

रुपरावजी : पोळ्याले गेली लेकीकडे, आता थंडी लागली. मी समजून राहिलो होतो, गुडघे दुखत असतील. निरोप धाडला तर म्हणे, इथं दारावरून माणूस जाते अन् विचारते, काय रांधलं. तुमच्या ले-आउटात कुत्रं बी ओळखीचं नाही. मी म्हटलं, म्हातारी चळली. आता सूनबाईचं ऐकलं, तर वाटते... जाऊ द्या. ह्या दोन वड्या बांधून दे वं, भातासंग होतील.

(रुपरावजी जातात. फाटकाची कडी लागल्याचा आवाज येतो.)

मुकुंद : पिक्चरला परत कधी गेली होतीस?

गोपिका : बुधवारी. तीन ते सहाला.

मुकुंद : रविवारी आपण दोघांनी पाहिला होता तो पिक्चर. मी तिकिटं काढली होती.

गोपिका : रविवारी मी पिक्चर कमी पाहिला. ती बाई भिंतीला डोकं टेकून रडत होती, तेव्हा तुम्ही मला त्या भिंतीचा गिलावा दाखवून राहिले होते.

मुकुंद : गिलावा खोटा होता.

गोपिका : असेल.

मुकुंद : येताना बसमध्ये मी विचारलं तुला, कसा वाटला. तू म्हणालीस, बरा होता. दोन शब्द. आणि बुधवारी त्या परक्या माणसाला सगळं घर उघडून दाखवलंस.

गोपिका : तुम्ही विचारलं, आणि लगेच कंडक्टरशी भांडायला उठले. बस आपल्या वळणावर काहून थांबत नाही म्हणून.

मुकुंद : तुझ्यासाठीच भांडत होतो. तुला चालावं लागतं म्हणून.

गोपिका : माहीत आहे मला.

मुकुंद : कोण होता तो?

गोपिका : रेडिओवाला. तुमच्याशी रविवारी बोलला, तोच असेल. मी तेव्हा पुढं बसच्या रांगेत होते.

मुकुंद : माझ्याशी बोलला तो जाडा होता. टक्कल पडलेला.

गोपिका : मग दुसरा. हा सडपातळ होता.

मुकुंद : सडपातळ.

गोपिका : चष्मा होता. स्वेटर होतं निळं, घरी विणलेलं.

मुकुंद : घरी विणलेलं हे तुला कसं कळलं?

गोपिका : बाहीचे टाके सुटले होते. दुकानातल्या स्वेटरचे तसे सुटत नाहीत.

मुकुंद : बाहीपर्यंत पाहिलंस.

गोपिका : माईक धरलेला हात होता तो. तोंडासमोर होता. कुठं पाहू दुसरीकडे?

मुकुंद : मी कोणतं स्वेटर घालून ऑफिसात जातो सध्या?

गोपिका : तपकिरी. कोपराला विरलं आहे. मी दोनदा मागितलं उसवायला, तुम्ही देत नाही.

मुकुंद : बरं.

गोपिका : झालं समाधान?

मुकुंद : नाही. तू हसलीस.

गोपिका : कुठं हसले?

मुकुंद : दिव्याचं सांगताना. आधी तू हसलीस, मग तो हसला. यमुताईंनी ऐकलं, त्यांच्या नवऱ्याने ऐकलं, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने ऐकलं. उद्या ऑफिसात दत्तोपंत विचारतील, काय राजूरकर, दिवे विझवता म्हणे. त्याचं मला एवढं नाही. ते हेडक्लार्क आहेत, काहीतरी बोलणारच. पण ते हसणं.

गोपिका : हसण्याचं काय?

मुकुंद : ते माझ्या ओळखीचं आहे. महाल भागात भाड्याने राहत होतो तेव्हा मी जिना चढत असलो की वरून ऐकू यायचं. तू त्या भाजीवालीबरोबर नाहीतर घरमालकिणीबरोबर बोलत असायचीस. मी दारात आलो की बंद व्हायचं, पण जिन्यात तरी मिळायचं. इथं आल्यावर ते ऐकलंच नाही. मला वाटलं, वयाने गेलं असेल.

गोपिका : मलाही तसंच वाटत होतं.

मुकुंद : आणि त्या निळ्या स्वेटरने ते एका मिनिटात काढलं.

गोपिका : त्याने काही नाही काढलं. त्याने विचारलं, सिनेमातलं काय पटलं. मी दिव्याचं सांगायला लागले. तो म्हणाला, का बरं? आणि गप्प उभा राहिला. मागे लोक ढकलून राहिले होते, सहाच्या खेळाची गर्दी. तरी उभाच.

मुकुंद : त्याचं कामच ते आहे. पगार घेतो उभं राहायचा.

गोपिका : हो. पगारच घेतो. मी कुठं म्हटलं की मला जन्मभर विचारत राहील.

मुकुंद : घरी आल्यावर सांगितलं का नाहीस? बुधवार गेला, गुरुवार, शुक्रवार, शनिवार गेला. मी त्या दिवसांत ले-आउटभर सांगत फिरत होतो, आणि तू वड्यांसाठी कोथिंबीर निवडत बसलीस.

गोपिका : बुधवारी तुम्ही उशिरा आले ते दिवे विझवतच आले. मी त्याच दिवशी त्यावर बोलून आले होते. मला वाटलं, आता सांगितलं तर भांडल्यासारखं होईल. आणि तो पन्नास लोकांशी बोलतो, माझंच लावेल असं काहून वाटेल? तुमचं लागेल अशीच माझी समजूत होती. खरं सांगते, मी तुमच्याच आवाजाची वाट पाहून राहिले होते.

मुकुंद : हे घर मी तुझ्यासाठी बांधलं, गोपिका.

गोपिका : चांगलं बांधलं. एक भिंत वाकडी नाही. पावसाळ्यात थेंब गळत नाही.

मुकुंद : मग?

गोपिका : मी तुमच्याविरुद्ध एक शब्द बोलले का रेडिओवर?

मुकुंद : बोलली असतीस तर बरं झालं असतं. त्याला तरी मी उत्तर दिलं असतं. तू म्हणालीस, माणूस वाईट नाही हो, थकून येतो, त्याला अंधारही चालतो. असं म्हणालीस ना? असं इतकं मायेनं तू माझ्याबद्दल कधी बोलतेस, मला माहीतच नव्हतं. मला ते शेजाऱ्यांच्या घोळक्यात बसून, बाहेरच्या माणसाच्या यंत्रातून ऐकावं लागलं. माझं आहे ते, आणि मिळालं त्याला.

गोपिका : पिक्चरमधल्या नवऱ्याबद्दल बोलले होते मी ते.

मुकुंद : त्याच्याबद्दल?

गोपिका : आधी त्याच्याबद्दल. मग दोघांचं मिसळलं.

मुकुंद : टेप बंद केल्यावर काय म्हणाला?

गोपिका : तुम्हाला कसं माहीत, काही म्हणाला म्हणून?

मुकुंद : तू मघापासून त्या खुर्चीची पाठ पुसून राहिली आहेस.

गोपिका : बायकांच्या कार्यक्रमात बोलायला या म्हणाला. मंगळवारी दुपारी. पसंत पडलं तर पुढंही बोलावतील.

मुकुंद : कशावर बोलायचं?

गोपिका : घरातलंच काही.

मुकुंद : घरातलं अजून काही शिल्लक आहे का?

गोपिका : पुष्कळ आहे.

मुकुंद : तू जाणार.

गोपिका : बाराच्या बसने जाईन. दिवेलागणीच्या आत येईन.

मुकुंद : मी नको म्हटलं तर?

गोपिका : तरी जाईन. फक्त बसमध्ये बसून सगळ्या रस्त्याने तेच मनात घोळेल. त्यापेक्षा नका म्हणू.

मुकुंद : मी रजा टाकतो. बरोबर येतो.

गोपिका : स्वेटर पाहायला?

मुकुंद : तुला सोबत म्हणून.

गोपिका : तुम्ही बाहेरच्या बाकावर बसाल आणि त्यांच्या इमारतीची भेग शोधाल.

मुकुंद : एक विचारू? शेवटचं.

गोपिका : विचारा.

मुकुंद : बुधवारी बाजूला कोण होतं?

गोपिका : कोणी नाही. एकटी गेले होते.

मुकुंद : बरोबर म्हणत नाही मी. बाजूच्या खुर्चीवर.

गोपिका : कोणी नाही म्हटलं ना.

मुकुंद : तीन ते सहाचा खेळ, खालचा वर्ग, नंबर नसलेल्या खुर्च्या, चालणारा पिक्चर. आणि तुझ्याच बाजूची खुर्ची रिकामी?

गोपिका : मी पिशवी ठेवली होती तिच्यावर.

मुकुंद : कोणासाठी?

गोपिका : तुमच्यासाठी.

मुकुंद : मी तर ऑफिसात होतो.

गोपिका : मला माहीत नव्हतं का ते? हात गेला आणि पिशवी ठेवली गेली. दोन पोरं बसायला आली, त्यांनाही सांगितलं, इथं माणूस यायचा आहे. नंतर माझं मलाच नवल वाटलं.

मुकुंद : मग ती तशीच राहिली? शेवटपर्यंत?

गोपिका : मध्यंतरापर्यंत. मग एक म्हातारी जागा शोधत आली, आणि मी पिशवी मांडीवर घेतली.