पहिला कोण उठला

(रोम. सिनेटर वोल्कातिउसच्या घरातली आतली खोली. तो, त्याची बायको सेंतिया आणि लग्न झालेली लेक रूफिला.)

वोल्कातिउस : सगळेच उठले, पोरी. शिक्षा सुचवणाऱ्याच्या बाजूला अख्खी सभा जाऊन उभी राहिली. मी एकट्याने बाकावर बसून काय करायचं होतं?

रूफिला : सगळे नंतर उठले, बाबा. आधी तुम्ही.

वोल्कातिउस : कोण म्हणालं?

रूफिला : काएसो. सभेच्या दारातच उभा होता तो. बापाचा निकाल लागत असताना मुलगा घरी बसेल का?

सेंतिया : अगं, एवढ्या गर्दीत जावईबापूंना काय दिसणार!

रूफिला : दिसलं, आई. बाबांची वाट मामंजींच्या पुढूनच होती. मामंजींनी पाय आखडून घेतले. बाबांना नीट जाता यावं म्हणून.

सेंतिया : अहो, खरं का हे?

वोल्कातिउस : गुडघे दुखतात हेर्दोनिउसचे. तरी घेतले.

सेंतिया : अरे देवा.

वोल्कातिउस : हिच्यासाठीच केलं ना मी! त्याचा व्याही मी. मागे राहिलो असतो तर उद्या आपल्याच दारात शिपाई आले असते.

रूफिला : माझ्यावर नका ढकलू. ज्या थट्टेपायी ही शिक्षा, सम्राटांच्या पुतळ्याची ती थट्टा मामंजींनी केली कुठे? इथे, आपल्याकडे जेवताना. सगळ्यात मोठ्याने कोण हसलं होतं?

वोल्कातिउस : हळू बोल.

सेंतिया : झालं ते झालं. त्यांना हद्दपार करून बेटावर धाडतायत, तू कशाला जातेस मरायला? काडीमोड घे आणि इथेच राहा.

रूफिला : मी आणि काएसो त्यांच्याबरोबर निघालोय, आई. आजच. तेवढं सांगायलाच आले. आणि बाबा, मामंजींचा निरोप आहे तुम्हाला.

वोल्कातिउस : शिव्याच दिल्या असतील.

रूफिला : म्हणाले, व्याह्यांना सांग, त्यांच्या जागी मी असतो तर मीही उठलो असतो.

सेंतिया : बघा! किती मोठं मन माणसाचं.

वोल्कातिउस : खोटं आहे ते. तो नसता उठला... सेंतिया, हेर्दोनिउस नसता गं उठला.

रूफिला : त्यांनाही ठाऊक आहे. येते मी. मागच्या दाराने जाते, पुढे तुमच्या भेटीला माणसं बसलीत.

वोल्कातिउस : बरं. शाल डोक्यावरून घे, पोरी. जरा पुढे ओढून. बाहेर गार आहे.

रूफिला : बाहेर ऊन आहे, बाबा.