कांदा आणि रताळं एका पंगतीत

मंडळी, ऐका! आज एकच सवाल टाकतो. एखाद्या वाईट गोष्टीचं नाव घेणं बंद केलं, की ती गोष्ट गावातून निघून जाते का? घाईनं मान डोलावू नका. आधी विश्वंभर गुरुजींचं काय झालं ते ऐका.

बेलखडीची शाळा, चौथीचा वर्ग. गुरुजी फार सज्जन माणूस — शेंगसुद्धा अशी हळू फोडायचे, की आतल्या दाण्याला लागू नये! त्यांच्या वर्गात हौशी नावाची मुलगी होती, खाणीवरच्या वस्तीतली. एक दिवस तिनं हात वर केला. "गुरुजी, दुपारच्या भाताला सगळे ओळीत बसतात. मग मी एकटीच नळापाशी का?"

गुरुजींना घाम फुटला. आता हे बोलायचं म्हणजे जातीचं बोलायचं! उद्या कोण दारात येऊन उभं राहील, काय नेम?

"उद्या सांगतो," गुरुजी म्हणाले.

"उद्या नाही सांगितलंत, तर परवापासून मी आईबरोबर खाणीवर जाणार," हौशी म्हणाली. "तिथं सगळे एकत्र जेवतात."

झाली का पंचाईत? गुणी पोर हातची जाणार, याचं गुरुजींना खरंच वाईट वाटलं. पण धीर होईना. मग घरी जाता जाता युक्ती सुचली — विषयच काढायचा नाही, आडनावंच काढून टाकायची!

दुसऱ्या दिवशी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक भाजी. "आजपासून हेच तुमचं आडनाव. भाजीला कुठं जात असते?" गुरुजी स्वतःवर बेहद्द खूश! हौशीला निघालं रताळं. आणि सरपंच सर्जेराव आबांचा नातू रणधीर, त्याला निघाला कांदा.

दुपारी पंगत बसली. दोडका उभा राहिला. "गुरुजी, श्रावण चाललाय. कांदा चालत नाही. ह्याला उठवा."

कारलं सरकलं, भेंडी सरकली. अहो, भाज्यांनी चातुर्मास धरला! रणधीर ताट घेऊन रडत नळापाशी गेला. आणि हौशी? रताळं उपासाला चालतं ना! तिला ओळीत पहिली जागा. कालपर्यंत तिच्या पेल्याला न शिवणारी गवार आज तिला पाणी देत होती.

मंडळी, हे पोरांना शिकवलं कोणी? गुरुजींनी तर तो विषय कधी काढलाच नव्हता!

बातमी पोचली. आबा धोतर सावरत आले. "गुरुजी, माझा नातू पंगतीबाहेर? त्याचा गुन्हा काय?"

"आबा, तो... कांदा आहे."

"कांदा असला म्हणून काय झालं? माणूस आहे ना तो!"

बोलले आणि त्यांची नजर हौशीकडं गेली. हौशी उठली, ताट घेतलं आणि रणधीरशेजारी जाऊन बसली. "भिंतीकडं सरक," ती म्हणाली. "तिथं ऊन लागत नाही. मला माहीत आहे." मग तिनं गुरुजींकडं पाहिलं. "याच्यासाठी आबा एका दुपारीत आले. माझ्यासाठी तुम्ही कधी येणार?"

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. भीती काही गेली नाही, हां! पण ते आपलं ताट घेऊन नळापाशी ओल्यात बसले आणि आबांच्या देखत म्हणाले, "पोरांनो, हौशीला इथं बसवलं ते तिच्या जातीमुळं. आणि मी रोज ते बघत होतो." मग पोरं विचारत गेली आणि गुरुजी घंटा होईपर्यंत सांगत राहिले. आबा? कुठं बसावं ते न कळून उभेच.

मग हौशीचा तो 'परवा' उजाडला. ती शाळेत आली का? आली! पण नळापाशी तिला जागा मिळेना, इतकी पोरांच्या ताटांची गर्दी.

कांद्यावर पोट धरून हसलात. बरं वाटलं. आता सांगा, मघाशी मंडपात शेजारी नवा माणूस बसला, तेव्हा पहिलं काय विचारलंत? "आडनाव काय हो तुमचं?" त्यानं सांगितल्यावर सतरंजीवर कोण किती सरकलं, ते मी इथून उभ्यानं पाहिलंय.

टाळ खाली ठेवा. आधी सरका परत. ती मधली जागा भरेपर्यंत देवाचं नाव माझ्या तोंडून निघायचं नाही.